आकाशातील पंगत

रसायनीच्या रहिवाशांस विमान ही आता अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. मुंबईच्या जुन्या विमानतळापेक्षा हा नवा विमानतळ आपणांस पुष्कळच जवळचा आहे. साहजिकच पाताळगंगेच्या काठच्या गावांतूनही आता कोणी दिल्लीस, कोणी बंगळूरास विमानाने जातो. तो परत आला म्हणजे घरातील वडील मंडळी हटकून एक प्रश्न विचारतात, “विमानात जेवावयास काय दिले?” उत्तर ऐकून त्यांचा विरस होतो. कारण बहुधा काहीच दिलेले नसते. जे होते ते विकत होते, आणि प्रवाशाने घरून नेलेल्या दशम्याच खाल्लेल्या असतात. विमानातील खानपानाची आणि सरबराईची एके काळी एवढी ख्याती होती. ती का लयास गेली, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

प्रथम आपल्या शेजारचे एक उदाहरण घेऊ. कर्जत स्थानकावरील बटाटेवडा सर्वांस ठाऊक आहे. तो तेथेच का प्रसिद्धीस आला? बोरघाट चढण्यापूर्वी गाडीस मागून जादा एंजिने जोडावी लागतात, आणि त्यासाठी तिला कर्जतला थांबावेच लागते. गाडी थांबली म्हणजे उतारूस सवड मिळते, आणि सवड मिळाली म्हणजे भूक लागते. तात्पर्य, प्रवासातील अन्न हे केवळ पाककौशल्यावर अवलंबून नसते. ते वेळेवर आणि प्रवासाच्या व्यवस्थेवर अवलंबून असते. हेच सूत्र धरून आपण आता आकाशात जाऊ.

विमानात पहिले जेवण 11 ऑक्टोबर 1919 रोजी लंडन ते पॅरिस या मार्गावर मिळाले, असे सांगतात. ते म्हणजे एक थंड फराळाचा डबा होता, आणि त्यासाठी प्रवाशास तीन शिलिंग मोजावे लागत. म्हणजे आकाशातील पहिले अन्न विकतचेच होते! पुढे 1930 साली अमेरिकेत एलन चर्च ही पहिली विमानसेविका नेमली गेली. ती शिकलेली परिचारिका होती. त्या काळची विमाने हेलकावे खात, प्रवासी भीत आणि आजारी पडत. त्यांस धीर देणे हे तिचे मुख्य काम होते.

आपल्या देशात 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपालाचे विमान आणले. त्यात टपालाच्या थैल्या होत्या. जेवणाचा प्रश्नच नव्हता. 1946 साली त्या कंपनीचे नाव ‘एअर इंडिया’ झाले, आणि त्याच वर्षी बॉबी कूका व चित्रकार उमेश राव यांनी लवून मुजरा करणारा सुप्रसिद्ध ‘महाराजा’ निर्माण केला. 8 जून 1948 रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो व जिनीव्हा या मार्गाने मुंबईहून लंडनला गेले. 1953 साली विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही टाटा 1978 पर्यंत या संस्थेचे अध्यक्ष होते. प्रवासात त्यांची नजर अतिशय बारीक असे. चहा आणि कॉफी यांच्या रंगात फरक दिसत नाही, अशी तक्रारसुद्धा त्यांनी लिहून ठेवली होती. ज्या संस्थेचा प्रमुख पेल्यातील चहाचा रंग पाहतो, तेथील सेवकवर्ग गाफील राहू शकत नाही.

परंतु त्या सुग्रास भोजनाचे कारण केवळ आस्था नव्हते. त्या काळी आंतरराष्ट्रीय भाडी कंपन्यांच्या परस्पर कराराने ठरत. सर्वांचे भाडे एकच. मग गिऱ्हाईक आपल्याकडे ओढावयाचे कसे? अन्नाने आणि अगत्याने! ही चढाओढ एवढी वाढली की 1958 साली अटलांटिक महासागरावरील स्वस्त वर्गात फक्त साधे सँडविच द्यावे असे ठरले असता काही युरोपीय कंपन्यांनी त्यांवर मांसाचे व मासळीचे थर रचले. अमेरिकन कंपन्यांनी तक्रार केली, आणि सँडविच म्हणजे नेमके काय, याचा निवाडा आंतरराष्ट्रीय संघटनेस करावा लागला.

1978 साली अमेरिकेने विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठविले. आपल्याकडे 1953 चा कायदा 1994 मध्ये रद्द होऊन खाजगी कंपन्यांस वाट मोकळी झाली. 2003 साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या ‘एअर डेक्कन’ने अल्प भाड्याची विमाने सुरू केली व फुकट जेवण बंद केले. 2006 साली आलेल्या ‘इंडिगो’ने हीच रीत चालविली, आणि आज देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक प्रवासी त्या एकाच कंपनीने जातात. उलट पोटभर जेवू घालणाऱ्या ‘किंगफिशर’चा 2012 साली व ‘जेट’चा 2019 साली अस्त झाला. त्या जेवणामुळे बुडाल्या असे म्हणणे बरोबर नव्हे. कर्ज आणि इंधनाचा खर्च ही मोठी कारणे होती. तथापि भाडे स्वस्त असेल तर प्रवासी जेवण सोडावयास तयार असतो, हा धडा मात्र सर्व कंपन्यांनी घेतला.

आता वजनाचा विचार करू. विमानात चढविलेल्या प्रत्येक किलोस इंधन लागते. 1980 नंतरच्या दशकात एका अमेरिकन कंपनीने जेवणाच्या सॅलडमधील एकच ऑलिव्ह फळ कमी करून वर्षास सुमारे 40,000 डॉलर वाचविले, असे सांगितले जाते. फळ एक, परंतु ताटे लाखो! शिवाय भट्ट्यांची जागा कमी केली तर तेथे आसने बसविता येतात. स्वस्त भाड्याचे विमान उतरल्यापासून अर्ध्या तासाच्या सुमारास पुन्हा उडावयाचे असते. तेवढ्या अवधीत शेकडो गरम ताटे चढविणे कठीण असते. म्हणून गरम पाणी ओतताच तयार होणारे पोहे व उपमा यांचे पेले आले. कर्जतला गाडी थांबते म्हणून वडा आहे. येथे थांबणेच नाही, म्हणून ताट नाही.

विद्यार्थ्यांनी आणखी एक शास्त्रीय कारण ध्यानात ठेवावे. विमान दहा-अकरा हजार मीटर उंचीवरून जात असले, तरी आत हवेचा दाब कृत्रिम रीतीने राखलेला असतो. तो साधारणतः 1,800 ते 2,400 मीटर उंचीवरील दाबाइतका असतो. आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटर आहे. म्हणजे विमानातील मनुष्य कळसूबाईच्याही वर बसून जेवत असतो. 2,400 मीटरवर पाणी सुमारे 92 अंशांवरच उकळते, म्हणून चहा घरच्यासारखा उतरत नाही. आतील हवा फार कोरडी असते, नाक सुकते, आणि वास मंदावला की चवही मंदावते. मीठ व साखर कमी वाटू लागते. त्यातच एंजिनांचा अखंड घोष! जेवण जमिनीवर शिजवून, पाच अंशांच्या खाली थंड करून, वर नेऊन पुन्हा तापविलेले असते. अशा रीतीने चपाती वातड होते, रस्साभाजी मात्र तग धरते. सबब, विमानातील बेचव जेवणाचा सारा दोष स्वयंपाक्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

मध्यंतरी करोनाच्या साथीने या रीतीस आणखी धक्का दिला. 25 मे 2020 रोजी देशांतर्गत उड्डाणे पुन्हा सुरू झाली तेव्हा आत भोजन देण्यास बंदी होती. लहान उड्डाणांवरील निर्बंध नोव्हेंबर 2021 मध्ये उठले. एअर इंडियाने 2017 साली देशांतर्गत साध्या वर्गातील मांसाहार खर्चासाठी बंद केला होता. संस्था जानेवारी 2022 मध्ये टाटांकडे परतल्यावर तो पुन्हा सुरू झाला. म्हणजे ऱ्हास हा अटळ नियम नव्हे.

मग झाले ते बरे की वाईट? जुनी पंगत थाटाची खरी, परंतु तिच्या दाराशी भाड्याचा मोठा पहारा होता. शेतकरी वा कामगार त्या पंगतीस कधी बसला नाही. आज तो विमानात बसतो, हा लाभ लहान नव्हे. तथापि एक गोष्ट आमच्या मनास लागते. पंगतीत सर्वांस एकच वाढप असते. आता एका आसनावर दोनशे-तीनशे रुपयांचा पदार्थ उघडला जातो, आणि शेजारचे पोर आईच्या तोंडाकडे पाहते. स्वस्ताईने दार उघडले, पण पंगत मोडली. अन्न विकत असणे हा मात्र खरा दोष नव्हे. 1 जून 1930 पासून घाट चढणाऱ्या दख्खनच्या राणीतील भोजनाचा डबा अद्यापि टिकून आहे, आणि तेथेही पैसे मोजूनच खातात. अन्न परवडावे आणि ते आदराने मिळावे, एवढेच पाहावयाचे. कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर 2024 मध्ये दहा रुपयांत चहा देणारे उपाहारगृह उघडले, ते या दृष्टीने स्तुत्य होय.

पालकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. देशांतर्गत प्रवासात घरचा कोरडा फराळ बरोबर नेण्यास सामान्यतः हरकत नसते. आणि अडीच तासांपर्यंतच्या प्रवासास दोन तास वा अधिक विलंब झाल्यास, विमानतळावर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशास कंपनीने अल्पोपाहार द्यावा, असा सरकारी नियम आहे. तो नम्रपणे, पण निःसंकोचपणे मागावा.

आणि विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या नव्या विमानतळावर नोकरीस लागतील. ताट वाढणे म्हणजेच सेवा, असे समजू नका. 5 सप्टेंबर 1986 रोजी कराची येथे अपहृत विमानात मुंबईच्या नीरजा भनोट हिने प्रवाशांस वाचविताना प्राण वेचले. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. आणीबाणीत विमान दीड मिनिटात रिकामे करता यावे, यासाठी सेवकवर्गास शिक्षण दिलेले असते. ताटे गेली तरी ही सेवा गेलेली नाही. तिची जाणीव ठेवून, पाण्याचा पेला हाती देणाऱ्यास आपण दोन गोड शब्द बोललो, तर त्यास काही भाडे पडत नाही.