समासातील नोंद

चेन्नई शहरात दोन वास्तू एकमेकींपासून फार दूर नाहीत. एक महानगरपालिकेची शुभ्र रिपन बिल्डिंग, १९१३ साली पुरी झालेली. दुसरी उच्च न्यायालयाची तांबडी इमारत, १८९२ मधली. पहिलीच्या अमलाखाली शहरातील जन्मांची नोंद होते. ती नोंद चुकली आणि अधिकाऱ्याने दुरुस्तीस नकार दिला, तर नागरिकाला दुसरीकडे वळावे लागते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आहे. परंतु अपत्याचे भवितव्य एका कागदावर अवलंबून असते तेव्हा शहाण्यालाही ती चढणे भाग पडते.

ह्या कागदात असते तरी काय? बालकाचे नाव, लिंग, जन्मतारीख, जन्मस्थळ, मातापित्यांची नावे आणि पत्ता. नागरिकत्वाचा स्वतंत्र रकाना त्यात नाही. तथापि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने ह्या साध्या तपशिलांना मोठे वजन दिले आहे. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती, मोजके अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक ठरते. त्यापुढे २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एक तरी भारतीय असावा लागतो. त्यानंतर जन्मलेल्याचे दोघेही पालक भारतीय असावेत, किंवा एक भारतीय असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. म्हणजे आधीच्या पिढीला जन्मस्थळ तारते. पुढच्या पिढीला आईवडिलांची नावे.

आणि नावांतच चूक सहज होते. तमिळ रीतीत वडिलांचे नाव आद्याक्षराच्या रूपाने मुलाच्या नावाआधी लागते. आडनाव बहुधा नसतेच. मराठी रीत निराळी. आईचे माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर असले, की कचेरीच्या दृष्टीने एकाच स्त्रीच्या दोन स्त्रिया होतात.

१९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याच्या १५ व्या कलमान्वये, नोंद चुकीची वा कपटाने केलेली आहे असे पुराव्याने पटल्यास निबंधक ती सुधारू शकतो. मात्र लेखनदोष सुधारणे वेगळे आणि पितृत्वाचा वाद मिटविणे वेगळे. तसा वाद असेल तर साक्षीपुरावा तपासून दिवाणी न्यायालयच निर्णय देते. वाद नसून केवळ अधिकारी अडून बसला असेल, तर उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो.

असा एक अर्ज २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे आला. दात्याच्या साहाय्याने गर्भधारणा झालेल्या एका मातेच्या मुलीच्या दाखल्यात पिता म्हणून भलत्याच गृहस्थाचे नाव पडले होते. न्यायालयाने ते काढून रकाना रिकामा ठेवावयास सांगितले. अविवाहित मातेच्या प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच ठरविले होते.

२०२२ साली त्याच खंडपीठापुढे नागरिकत्वाचा प्रश्न उभा राहिला. श्रीलंकेतून आलेल्या आईवडिलांच्या पोटी १९८६ मध्ये मंडपमच्या निर्वासित छावणीत जन्मलेल्या एका स्त्रीला पासपोर्ट नाकारण्यात आला होता. दाखल्यावरील स्थळ आणि तारीख पाहून न्यायालयाने तिला जन्माने भारतीय मानले. ती दीड वर्ष उशिरा जन्मली असती, तर तोच दाखला तिच्या कामी आला नसता.

दुरुस्तीची रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. मूळ नोंद खोडावयाची नसते. समासात सुधारणा लिहून निबंधक सही करतो आणि तारीख घालतो. आधी काय लिहिले होते आणि ते केव्हा बदलले, हे दोन्ही पुढच्या वाचणाऱ्याला दिसते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदारयादी, पासपोर्ट अशा अनेक कामी जन्माची तारीख आणि स्थळ ह्याच दाखल्याने सिद्ध करावयाचे आहे. बाळाचे नाव बारशानंतरही, १२ महिन्यांच्या आत, विनाशुल्क नोंदविता येते. आईवडिलांची नावे मात्र पहिल्याच दिवशी अक्षर न् अक्षर तपासून घ्यावीत. मग समासाची गरज पडत नाही.