‘आठ बारा’वाला ‘आठ पंचवीस’कडून हरतो कसा?

रविवारी सकाळी धावून झालं की आमचा बंगळुरूतल्या मारतहळ्ळीचा मराठी गट रिंग रोडलगतच्या एका दर्शिनीत इडली-वड्यासाठी थांबतो. बहुतेक जण आयटीतले. कुणी पुण्याचा, कुणी सोलापूरचा, दोघे बीडकडचे. कॉफी येईपर्यंत विषय स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, धावणाऱ्या अविनाश साबळेवर येतो आणि मग ते वाक्य येतंच. गेली तीन-चार वर्षं ऐकतोय: “त्याचं टायमिंग आठ बारा होतं ना? वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड आठ पंचवीसला गेलं. हा नुसता नेहमीसारखा पळाला असता तरी जिंकला असता. मग पळाला का नाही?”

हे वाक्य ऐकून माझा आता संयम सुटतो. ते साबळेच्या गावाकडच्या माणसांच्या तोंडून येतं, तेव्हा तर जास्तच.

वाक्यातले आकडे मात्र खरे आहेत. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतल्या युजीन इथे जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत झाली. भारतात तेव्हा मंगळवारची सकाळ होती, ऑफिसला निघायच्या आधी फोनवर पाहिलेली ती शर्यत मला लख्ख आठवते. मोरोक्कोचा सुफियान एल बक्काली ८ मिनिटे २५.१३ सेकंदांत जिंकला. इथिओपियाचा लमेचा गिरमा दुसरा, केनियाचा कॉन्सेस्लस किप्रुतो तिसरा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा आपला साबळे ८ मिनिटे ३१.७५ सेकंद घेऊन अकरावा आला. या स्पर्धेच्या इतिहासात तोवर इतक्या संथ वेळेत कुणीही ही शर्यत जिंकली नव्हती. आणि त्याच वर्षी जूनमध्ये रबातच्या डायमंड लीगमध्ये साबळेने ८ मिनिटे १२.४८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता, हेही खरं.

आता त्या वाक्यातून गळालेली गोष्ट. रबातच्या त्याच शर्यतीत, त्याच ट्रॅकवर, त्याच संध्याकाळी एल बक्कालीही धावत होता. त्याने वेळ दिली ७ मिनिटे ५८.२८ सेकंद. म्हणजे साबळे विक्रम करत होता तेव्हा युजीनचा भावी विजेता त्याच्या १४ सेकंद पुढे होता. अंतरात मोजलं तर ऐंशी मीटरांहून जास्त. तेव्हा तुलना करायचीच तर आठ बाराची आठ पंचवीसशी करू नका, सात अठ्ठावन्नशी करा. साबळेने आपली सगळी चाल युजीनला ओतली असती, तर एल बक्कालीनेही आपली ओतली असती. तो आठ पंचवीसला जिंकला, कारण त्या दिवशी जिंकायला तेवढंच पुरलं.

पण मग सगळेच इतके संथ का धावले? इथे आम्हा हौशी धावणाऱ्यांचा अनुभव आड येतो. आम्ही तासाला बारा किलोमीटर धावलो तरी खूश असतो, आणि त्या वेगाला समोरची हवा फारशी जाणवत नाही. स्टीपलचेसमध्ये ३००० मीटर ८ मिनिटे २० सेकंदांत संपवायचे तर सेकंदाला ६ मीटर, म्हणजे ताशी साडेएकवीस किलोमीटरहून जास्त वेग लागतो. १९७१ मध्ये ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त पग या शरीरशास्त्रज्ञाचा अभ्यास छापून आला. या वेगाला धावपटूची साधारण साडेसात टक्के ऊर्जा केवळ हवा कापण्यात जाते आणि दुसऱ्याच्या मागे मीटरभर अंतराने धावलं तर तिच्यातली बरीचशी वाचते, असं त्यात मोजून दाखवलं आहे. सायकलवरून टेम्पोच्या आडोशाला गेल्यावर पायडल हलकं होतं, तेच हे. अंतिम फेरीत सगळे जवळजवळ एकाच तोडीचे असतात. तिथे पुढे राहून इतरांसाठी हवा कापत राहणं म्हणजे स्वतःच्या पायांतलं बळ त्यांना वाटून टाकणं. म्हणून पुढे जायला कुणी तयार होत नाही, घोळका तयार होतो आणि घड्याळ पळत राहतं.

डायमंड लीगमध्ये हे होत नाही, कारण तिथे आयोजक पैसे देऊन पेसमेकर आणतात. ते सुरुवातीच्या फेऱ्या ठरलेल्या वेगाने ओढून नेतात आणि बाजूला होतात. आता तर ट्रॅकच्या कडेला वेग दाखवणारे दिवेही पळत असतात. जागतिक आणि ऑलिंपिक स्पर्धेत असे पेसमेकर नसतात. रबात आणि युजीन या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिलीत ‘किती वेळात?’ हा प्रश्न असतो, दुसरीत ‘कितवा?’ एवढाच.

संथ शर्यत म्हणजे सोपी शर्यत, असंही आमच्याकडे कुणीतरी म्हणतंच. एकाने तर युजीनच्या शर्यतीला मॉर्निंग वॉक म्हटलं होतं. त्या माणसाला मी तेव्हाच सांगितलं, आणि इथेही लिहितो: भारताचा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून तब्बल ३७ वर्षं गोपाल सैनी यांच्या ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांवर अडला होता. तो २०१८ मध्ये साबळेनेच मोडला. युजीनला ज्या वेळेत तो अकरावा आला, ती या विक्रमाहून एक सेकंदही जास्त नाही. हा मॉर्निंग वॉक नव्हे.

शिवाय संथ शर्यतीत दमणूक पुढे ढकलली जाते, टळत नाही. पहिले दोन किलोमीटर रेंगाळत गेले की सगळ्यांचे पाय ताजे राहतात, आणि उरलेली शर्यत अचानक पंधराशे मीटरच्या शर्यतीसारखी होते. दीर्घकाळ एकसारखा जोर लावणाऱ्याचा फायदा तिथे संपतो आणि शेवटच्या फेरीत झटकन वेग पालटणाऱ्याचा सुरू होतो. युजीनला पहिला आणि अकरावा यांच्यात फक्त साडेसहा सेकंद होते. साबळेची ताकद वेगवान, सलग, न थांबणाऱ्या शर्यतीत आहे आणि त्या दिवशी त्याला नेमकी उलटी शर्यत मिळाली.

यावर दुसरा प्रश्न ठरलेला: “मग त्यानेच पुढे जाऊन शर्यत वेगवान करायची!” हा प्रश्न पहिल्यापेक्षा बरा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. स्टीपलचेसमध्ये पुढे राहण्याचा खरंच एक फायदा आहे. २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर. शंभर किंवा चारशे मीटरच्या हर्डल्ससारखा हा अडथळा धक्क्याने पडत नाही, जाडजूड लाकडी तुळई असते ती. घोळक्यात मागे असलात तर समोरच्याच्या पाठीमुळे ती शेवटच्या क्षणी दिसते आणि पाऊल चुकतं. पुढच्याला मात्र सगळं मोकळं दिसतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत साबळेने हेच केलं. सुरुवातीपासून पुढे गेला, मागच्यांना जवळ येऊच दिलं नाही आणि ८ मिनिटे १९.५० सेकंदांच्या स्पर्धा विक्रमासह सुवर्ण घेतलं.

पण हे तिथे जमलं, कारण त्या मैदानात त्याच्या वेगाने सलग धावणारं दुसरं कुणी नव्हतं. युजीनला सात अठ्ठावन्नवाला एल बक्काली त्याच्या मागे हवेच्या आडोशाला निवांत बसला असता. पुढे राहण्याची किंमत किती असते हे पाहायचं तर नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसेन पाहा. टोकियोचा ऑलिंपिक विजेता, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरला पहिल्यापासून पुढे होता. सरळ पट्टीवर आल्यावर तिघे त्याला ओलांडून गेले आणि तो चौथा आला. अशी माणसंही समोर राहून हरतात. तेव्हा ‘पुढे जायचं होतं’ हे सोफ्यावरून म्हणायला सोपं आहे.

साबळेवर टीका करायचीच असेल तर ती वेळेवरून नको, जागेवरून करा. शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या तेव्हा तो कुठे होता, आतल्या बाजूला अडकला होता की बाहेरून लांबचं धावत होता, हे विचारा. दुसऱ्या लेनमधून एक पूर्ण फेरी मारली तर साडेसात मीटर जास्त धावावं लागतं. या वेगाला ते सव्वा सेकंदाहून थोडं जास्त होतं.

आणि सव्वा सेकंद किती मोठा असतो? युजीननंतर १९ दिवसांनी, ६ ऑगस्ट २०२२ ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेची अंतिम शर्यत झाली. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाकडेच जात होती. शर्यत वेगवान झाली, म्हणजे साबळेला हवी तशी. त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य जिंकलं. केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्यापुढे होता तो केवळ ०.०५ सेकंदाने. तोच माणूस, तोच उन्हाळा, पण वेळ युजीनपेक्षा वीस सेकंदांहून कमी. साबळे १९ दिवसांत इतका सुधारला नव्हता. शर्यत वेगळी होती.

याहून स्पष्ट पुरावा हवा असेल तर तोही आहे. २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत न्यूझीलंडचा जॉर्डी बीमिश ८ मिनिटे ३३.८८ सेकंदांत जिंकला. एल बक्काली सात शतांश सेकंदांनी मागे राहिला. म्हणजे युजीनला अकरावा आलेल्या साबळेची वेळ टोकियोच्या सुवर्णपदकाहून सरस! आमच्या गटातल्या तर्काने साबळे २०२२ मध्येच २०२५ चा विश्वविजेता ठरतो. आता तरी हा तर्क कुठे नेऊन सोडतो ते दिसावं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. वेळ अगदी बिनकामाची होती असं नाही, कारण नियमांनी तिला अधूनमधून दार उघडं ठेवलं होतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीतून प्रत्येक हीटमधले पहिले तीन आणि उरलेल्यांतले सहा वेगवान अंतिम फेरीत जाणार होते. साबळे आपल्या हीटमध्ये ८ मिनिटे १८.१२ सेकंदांत सातवा आला आणि बाहेर पडला. तिसरी हीट संथ झाली, ती एल बक्काली ८ मिनिटे १९ सेकंदांत जिंकला आणि पुढे गेला. यात अन्याय वाटणं मी समजू शकतो. २०२३ पासून जागतिक स्पर्धेत या शर्यतीतला वेळेवरचा प्रवेशच बंद झाला, प्रत्येक हीटमधले पहिले पाच तेवढे पुढे जातात. त्या वर्षी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत साबळे आपल्या हीटमध्ये पुन्हा सातवा होता.

उरलेले गैरसमज लवकर उरकतो. पॅरालिंपिकचे धावपटू ऑलिंपिकवाल्यांपेक्षा वेगवान, असा एक संदेश दर ऑलिंपिकला फिरतो. २०१६ मध्ये रिओला मॅथ्यू सेन्ट्रोविट्झने १५०० मीटर ३ मिनिटे ५० सेकंदांत जिंकले आणि पॅरालिंपिकच्या टी१३ गटात पहिले चौघे त्याहून लवकर आले, हे खरं, पण ऑलिंपिकची ती शर्यत कमालीची संथ झाली होती. दोन्ही निकाल उत्तम आहेत, तुलना चुकीची आहे. मोठ्या स्पर्धांच्या शर्यती नेहमीच संथ असतात, हेही खोटं: पॅरिसला १०,००० मीटर जोशुआ चेप्टेगेईने २६ मिनिटे ४३.१४ सेकंदांच्या ऑलिंपिक विक्रमात जिंकले. पडलं की शर्यत संपली, असं नसतं: १९७२ मध्ये म्युनिकला लासे विरेन १०,००० मीटरमध्ये पडला, उठला आणि विश्वविक्रमासह जिंकला. अडथळ्यावर पाय ठेवणं बाद नाही, स्टीपलचेसमध्ये ते नियमात बसतं. आणि बंगळुरू उंचावर आहे म्हणून इथे राहून दमश्वास वाढतो, हे आमच्या मंडळींचं लाडकं मत: शहराची उंची साधारण ९०० मीटर आहे, आणि धावपटू उंचीवरच्या सरावासाठी याच शहरातून उटीकडे जातात, जिथे ती दोन हजारांच्या वर आहे.

बोलून भागत नाही म्हणून मागच्या महिन्यात मी गटाला कुंदलहळ्ळी तळ्यावर नेलं. घड्याळं माझ्या पिशवीत टाकायला लावली आणि अट सांगितली: तीन फेऱ्या, वेळ मोजायची नाही, पहिला येईल त्याच्या नाश्त्याचे पैसे बाकीच्यांनी द्यायचे. पहिली फेरी सगळ्यांनी एकमेकांकडे पाहत काढली, पुढे कुणी जाईना. दुसरीतही तेच. शेवटच्या अर्ध्या फेरीत मात्र जीव खाऊन पळापळ झाली. ‘आठ बारा’ची बाजू सगळ्यात हिरिरीने मांडणारा आमचा सोलापूरकर, दहा किलोमीटरमध्ये आमच्यातला सर्वांत वेगवान, पुलापाशी दोघांच्या मागे आतल्या बाजूला अडकला. त्याला बाहेर पडायला जागा मिळेपर्यंत दहा किलोमीटरला त्याच्याहून पाच मिनिटं जास्त घेणारा एक पोरगा पुढे निघून गेला होता.

दर्शिनीत पोचल्यावर सोलापूरकर बराच वेळ गप्प होता. मग कॉफीचा पेला खाली ठेवत त्याने मला विचारलं, “त्या पुलापाशी मी कुठल्या बाजूला असायला हवं होतं?”