भेट घेण्याआधी उलटी करून बघा!

सबमिशन्स आटोपली आणि ओरल्स संपल्या की हॉस्टेलवर एकच चर्चा : दिवाळीला घरी काय न्यायचं? खिशात मेस बिलातून वाचवलेले हजार-बाराशे रुपये, डोक्यात आई-बाबा-ताईची यादी आणि दुकानात जिकडे तिकडे 'इको-फ्रेंडली', 'हँडमेड', 'नॅचरल' अशी लेबलं! लेबल छापायला काय जातं? म्हणून एक साधी युक्ती. वस्तू घेण्याआधी ती उलटी करून बघा. पुढची बाजू विकण्यासाठी सजवलेली असते, मागची बाजू सहसा खरं बोलते.

बाबांची कोल्हापुरी

अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. याला म्हणतात व्हेजिटेबल टॅनिंग. त्यातलं टॅनिन कातड्यातल्या कोलॅजनला घट्ट धरतं, म्हणून कातडं कुजत नाही. काम संथ, वेळखाऊ. मोठ्या टॅनरीत बहुधा क्रोमियमचे क्षार वापरतात. काम झटपट होतं, पण सांडपाणी नीट शुद्ध केलं नाही, तर ते क्रोमियम गावाच्या ओढ्यात आणि विहिरीत उतरतं. म्हणजे चप्पल स्वस्त पडते आपल्याला, आणि तिची उरलेली किंमत भरतो तिसराच कोणीतरी.

आता जोड उलटा करा. पारंपरिक जोडाचा तळ चामड्याचा आणि शिवण चामड्याच्या वादीची असते. खिळा कुठेही नाही. रेक्झिनचा पट्टा आणि चिकटवलेला रबरी तळ दिसला, तर ती फक्त दिसायला कोल्हापुरी. शिवलेल्या जोडाचा आणखी एक फायदा म्हणजे वादी तुटली तर पुन्हा शिवता येते. चिकटवलेला तळ सुटला की चप्पल बहुधा कचऱ्यात.

या चपलेला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. दुकानदाराला सरळ विचारा, जोड कुठे बनला? खरा विक्रेता गावाचं नाव आनंदानं सांगतो.

आईची पैठणी

अख्खी पैठणी आपल्या बजेटमध्ये बसत नाही, हे मान्य! पण 'पैठणी'ची पर्स, पाऊच, ओढणी हल्ली सगळीकडे मिळते. तीही उलटी करा. पारंपरिक विणकामात प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी कांडी असते. विणकर मोराच्या कडेपाशी एक धागा दुसऱ्यात अडकवून माघारी फिरवतो. त्यामुळे मोर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. मागे सुटे धागे लोंबत असतील, तर ते काम या पद्धतीचं नाही.

कापड रेशमाचं आहे का, हे बघायला एक सुटा धागा मागून घ्या आणि जाळा (हॉस्टेलच्या खोलीत नको, वॉर्डन येतील!). रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. शिवाय २००६ पासून हातमागाच्या कापडासाठी 'हँडलूम मार्क' आहे, तोही शोधा.

गैरसमज नको. यंत्रमागाचं कापड घेणं हे काही पाप नाही. पोट त्याच्यावरही भरतं. पण यंत्राचा माल हाताच्या भावानं आणि हाताच्या नावानं विकला, तर फसवणूक दोघांची होते, तुमची आणि येवल्यात मागावर बसलेल्या विणकराची.

ताईचा गिफ्ट बॉक्स

हा तर उलटायलाच हवा! पाकीटबंद वस्तूवर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन आणि एमआरपी छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. वजन वाचलंत तर कळेल की हातभर खोक्यात मूठभर बदाम आहेत. बाकी पैसे चकचकीत पुठ्ठ्याचे. त्या पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकचा पातळ थर असेल, तर रद्दीतही त्याला किंमत नाही, कारण कागद आणि प्लॅस्टिक वेगळं करणं अवघड जातं. त्यापेक्षा तेच बदाम सुटे घ्या आणि आईच्या जुन्या साडीच्या कापडाच्या पिशवीत बांधून द्या.

आणि शेवटी आपण

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. आपण सगळे चिडलो, कंपनीला मग मूळ मान्य करावं लागलं. छान झालं. पण तेच आपण मॉलमध्ये एमआरपी मुकाट्यानं मोजतो आणि फुटपाथवर बसलेल्या कारागिराशी पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. ताज्या फॅशनला भाव आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या कसबाला डिस्काउंट, हे कुठलं इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स?

पैसेच नसतील तर? घरी बंद पडलेला मिक्सर, लटकलेला पंखा, चार्ज न धरणारा रेडिओ नक्की असेल. तो दुरुस्त करून द्या. इतकी वर्षं फी भरणाऱ्या आई-बाबांना याहून मोठी भेट कोणती? नवीन काही विकत घेणं नाही आणि कचराही नाही. फक्त आधी मेन स्विच बंद करा!

शुभ दीपावली!