डॉक्टर ग्राहक कायद्यात, वकील बाहेर : असं का? आणि यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

पेटच्या मुलाखतीत ‘विषय काय?’ असं विचारलं की बरेच जण सांगतात, ‘व्यावसायिकांचं कायदेशीर दायित्व.’ ऐकायला भारदस्त वाटतं, पण हे झालं क्षेत्र. समितीला हवा असतो प्रश्न. आज याच क्षेत्रातला एक खराखुरा वाद घेऊन क्षेत्राकडून प्रश्नाकडे कसं जायचं ते बघूया. कायद्याची पार्श्वभूमी नसली तरी चालेल.

आधी चार दरवाजे समजून घ्या

डॉक्टर, वकील, सीए यांच्या चुकीमुळे तुमचं नुकसान झालं तर साधारण चार ठिकाणी जाता येतं. भरपाईसाठी दिवाणी न्यायालय. शिक्षेसाठी फौजदारी न्यायालय. परवान्यावर कारवाईसाठी त्या व्यवसायाची परिषद, म्हणजे मेडिकल कौन्सिल, बार कौन्सिल वगैरे. आणि चौथा दरवाजा ग्राहक आयोगाचा.

प्रत्येक ठिकाणी कसोटी वेगळी आहे. शोधनिबंधाच्या मसुद्यांत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ‘निष्काळजीपणा’ हा एकच शब्द सगळीकडे एकाच अर्थाने वापरला जातो.

दिवाणी बाजूचं जुनं उदाहरण आपल्याकडचंच आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं, पण उपचारांनंतर तो वाचला नाही. डॉक्टरांनी भूल न देता जास्त जोर लावून हाड ओढलं, असा निष्कर्ष निघाला. भरपाई मिळाली ३,००० रुपये. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली : केस घ्यायची की नाही हे ठरवताना काळजी, कोणते उपचार द्यायचे हे ठरवताना काळजी आणि ते उपचार देताना काळजी. आता तारखा बघा. मृत्यू १९५३ चा, अंतिम निकाल १९६८ चा. मधली पंधरा वर्षं लक्षात ठेवा, ग्राहक आयोगाचं महत्त्व त्यातून कळेल.

फौजदारी बाजूला कसोटी बरीच कडक आहे. ‘जेकब मॅथ्यू’ (२००५) निकालात न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरला गुन्हेगार ठरवायला साधी चूक पुरेशी नाही, निष्काळजीपणा घोर असला पाहिजे. तपास अधिकाऱ्याने आधी दुसऱ्या तज्ज्ञाचं स्वतंत्र मत घ्यावं आणि आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नये, असंही सांगितलं.

खरा वाद : ‘सेवा’ म्हणजे काय?

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला आणि २०१९ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. दोन्हींत ‘सेवा’ या शब्दाची व्याख्या खूप व्यापक आहे, पण दोन गोष्टी वगळल्या आहेत : मोफत सेवा आणि वैयक्तिक सेवेच्या करारानुसार दिलेली सेवा.

१९९५ साली ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्यात येते. वगळलेला करार मालक-नोकर प्रकारचा. डॉक्टर काही पेशंटचा नोकर नसतो, कसं तपासायचं ते तो स्वतः ठरवतो. जिथे काही पेशंट पैसे देतात आणि काहींना मोफत उपचार मिळतात, अशा रुग्णालयातले मोफत पेशंटही तक्रार करू शकतात. सगळ्यांनाच मोफत सेवा असेल तर मात्र नाही.

मग वकिलांचं काय? २००७ साली राष्ट्रीय आयोग म्हणाला, तेही येतात. हे प्रकरण सुरू झालं होतं न वटलेल्या २०,००० रुपयांच्या चेकवरून. १४ मे २०२४ ला ‘बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचं म्हणणं फिरवलं. कारण काय दिलं? वकील अशिलाच्या सूचनेबाहेर जाऊ शकत नाही, अशिलाचं त्याच्यावर थेट नियंत्रण असतं, म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार.

म्हणजे शब्द तोच आणि नियंत्रणाची कसोटीही तीच, पण डॉक्टर आत राहिला आणि वकील बाहेर गेला. आता स्वतःला विचारा : सीएचं काय? आर्किटेक्टचं काय? नकाशा तर घरमालकाच्या सांगण्यावरूनच बदलतो ना?

इथे घसरू नका

२०२४ च्या निकालात ‘शांता’चा फेरविचार व्हावा असंही म्हटलं होतं. त्यावरून ‘आता डॉक्टरही सुटले’ असं काहींनी लिहून टाकलं. पण थांबा. दोन न्यायमूर्तींचं पीठ तीन न्यायमूर्तींचा निकाल मोडू शकत नाही, ते फक्त मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस करू शकतं. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की या प्रकरणात फेरविचाराची गरजच नव्हती, कारण प्रश्न फक्त वकिलांपुरता होता. म्हणजे ‘शांता’ कायम आहे. इतर व्यवसायांचा प्रश्न योग्य प्रकरण येईल तेव्हासाठी खुला आहे.

निकाल वाचताना म्हणून तीन गोष्टी वहीत वेगळ्या लिहा : पीठ किती जणांचं, ठरवायचा मुद्दा कोणता, आणि त्या मुद्द्याबाहेरची टिप्पणी कोणती.

याने कुणाला फरक पडतो?

अशिलाला पडतो. वकील चुकला तर दिवाणी दावा आजही करता येतो, बार कौन्सिलकडेही जाता येतं. पण दिवाणी दाव्यात भरपाईच्या रकमेनुसार कोर्ट फी भरावी लागते आणि परिषद परवान्यावर कारवाई करेल, तुमचं नुकसान भरून देणं हे तिचं मुख्य काम नाही. ग्राहक आयोगात, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फीच नाही, आणि वकील न लावताही बाजू मांडता येते. दरवाजा बंद झाला की हक्क कागदावर राहतो, पण तो बजावायचा खर्च वाढतो. दुसरी बाजूही वजनदार आहे : वकिलाचं कर्तव्य अशिलाइतकंच न्यायालयाशीही असतं, आणि प्रत्येक हरलेला पक्षकार तक्रार करू लागला तर तो निर्भयपणे काम कसं करणार?

आता प्रश्न घडवा

‘व्यावसायिकांचं दायित्व : एक अभ्यास’ असं लिहू नका. त्याऐवजी हे बघा : ‘शांता आणि गांधी या निकालांतली नियंत्रणाची कसोटी आर्किटेक्टच्या सेवेला लावली तर काय निष्पन्न होतं?’ हा सैद्धांतिक प्रश्न झाला. ‘महाराष्ट्रातल्या एका जिल्हा आयोगाच्या पाच वर्षांच्या आदेशांत वैद्यकीय तक्रारी कोणत्या कारणांनी फेटाळल्या गेल्या?’ हा अनुभवाधारित प्रश्न. दुसऱ्यासाठी आयोगाचे आदेश ऑनलाइन मिळतात, पण एक मर्यादा आधीच लिहून ठेवा : तडजोड झालेली आणि कधी दाखलच न झालेली प्रकरणं त्यात दिसणार नाहीत.

या आठवड्यात एवढंच करा. ‘शांता’ आणि ‘गांधी’ हे दोन निकाल मूळातून वाचा, बातम्यांतून नाही. मग तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा आणि खाली लिहा, ‘याचं उत्तर नाही असंही येऊ शकतं का?’ येऊ शकत असेल, तर समजा प्रश्न हाती लागला.