जाहिरातीची नभोवाणी आणि तिचे नवे माप

नभोवाणीचा धंदा म्हणजे गाणी वाजविण्याचा धंदा, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. किराणावाला साखर विकतो, कापडवाला कापड विकतो. व्यापारी नभोवाणी श्रोत्याला काहीच विकत नाही. ती श्रोत्याचे लक्ष जाहिरातदाराला विकते. आपण फुकट ऐकतो असे आपल्याला वाटते. पण आपले कान हाच तिचा माल असतो आणि तो ती गिऱ्हाइकाला मापून देते. एवढे सूत्र ध्यानात ठेवले, म्हणजे या धंद्याची आजवरची चाल आणि आज त्याच्यापुढे उभे राहिलेले कोडे, दोन्ही उलगडतात.

1952 साली डॉ. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. श्रोत्याने मग काय केले? सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती कोलंबोला जात आणि लघुलहरींवरून तो भारतभर ऐकू येई. पैसा टूथपेस्टच्या कंपनीचा, गाणी सिनेमाची, आणि दोहोंना जोडणारा आवाज अमीन सयानी यांचा. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे सयानी सांगत. पत्रांचे गठ्ठे हेच त्या काळचे माप होते.

सरकारने याला उत्तर दिले ते 3 ऑक्टोबर 1957 रोजी ‘विविध भारती’ सुरू करून. पुढे दहा वर्षांनी, 1967 च्या नोव्हेंबरात, तिच्यावर जाहिराती आल्या. आणि त्या प्रथम आल्या मुंबई, पुणे व नागपूर येथे. म्हणजे जाहिरातीच्या या सरकारी प्रयोगात आपला विदर्भ पहिल्या पंक्तीला होता. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिला, आणि 2001 मध्ये बंगळूरला पहिले खासगी एफ.एम. केंद्र बोलू लागले. आरंभी अशा केंद्राला, चालो न चालो, ठरलेली आणि दरसाल वाढणारी फी भरावी लागे. 2005 च्या धोरणाने त्याऐवजी मुख्यतः उत्पन्नातला ठराविक वाटा घेण्याची पद्धत आणली. त्यामुळे अकोल्यासारख्या शहरांतही हा धंदा परवडू लागला.

एफ.एम.च्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मनोरा जेवढा उंच, तेवढी त्यांची धाव. पुढे जमिनीचा उतारच आड येतो. ही त्यांची मर्यादा खरी. पण धंद्याच्या दृष्टीने तोच त्यांचा गुण ठरला. केंद्र गावाचे झाले. गावातल्या सराफाला मुंबईच्या श्रोत्याचे काय होय? त्याला आपल्या पेठेत येणारे गिऱ्हाईक हवे असते, आणि ते त्याला या केंद्राने दिले. निवेदकही मग चौकांची, बाजाराची, पऱ्हाटीच्या भावाची भाषा बोलू लागला.

मोबाईल आला आणि हे कुंपण मोडले. तीन गोष्टी एकदम बदलल्या. पहिली जागा: मूर्तिजापुरात केलेला कार्यक्रम पुण्यात नोकरीला गेलेला मुलगा त्याच क्षणी ऐकू शकतो. दुसरी वेळ: आठची गीतमाला आठलाच ऐकायची, हे बंधन उरले नाही. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, माप: कितीजणांनी कार्यक्रम लावला आणि कितव्या सेकंदाला सोडला, हे आता आकड्यांत दिसते. पत्रांच्या गठ्ठ्यावर अंदाज बांधण्याचे दिवस गेले. त्याबरोबर एक संकटही आले. जाहिरातदाराला आता केंद्राची गरजच उरली नाही. तो दूरच्या मोठ्या कंपनीकडून परभारे श्रोता विकत घेऊ शकतो.

नभोवाणीत काम करणाऱ्याने मग काय करावे? पूर्वी निवेदक बोले, तंत्रज्ञ ध्वनिमुद्रण करी, जाहिराती तिसराच मिळवी. आता एकाच माणसाला बोलणे, कापणे, चित्रफीत जोडणे, आकडे वाचणे हे सारे यावे लागते. ते शिकता येते. परंतु केवळ गाणी लावून त्याचे भागणार नाही. गाणी आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. 2017 साली ‘सारेगामा कारवां’ नावाची पाच हजार गाण्यांची पेटी बाजारात आली. रूप जुन्या रेडिओचे, आणि आत सयानींची गीतमालाही. लघुलहरी मागे पडल्या, निवेदक राहिला.

बोलीचेही तसेच आहे. याच तालुक्यातल्या दापुऱ्यात वाढलेल्या गाडगेबाबांचे एक कीर्तन 8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत वांद्र्याला ध्वनिमुद्रित झाले. ते वऱ्हाडी बोल आजही लोक मोबाईलवर ऐकतात. वऱ्हाडीला श्रोता नाही, असे कोणी म्हणू नये.

2024 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने 234 नव्या शहरांत खासगी एफ.एम.च्या लिलावाला मंजुरी दिली. शकुंतला गाडीची दोन टोके, अचलपूर आणि यवतमाळ, त्या यादीत आहेत. मधले मूर्तिजापूर नाही. याचे फार दुःख करण्याचे कारण नाही, कारण मोबाईलवरच्या कार्यक्रमाला मनोरा लागत नाही. त्याला लागतो एक चांगला आवाज, आणि त्या आवाजाचे पोट भरणारा कोणीतरी. येथील व्यापाऱ्याने जाहिरातीचा सगळाच पैसा दूरच्या कंपनीला दिला, तर आकडे भरपूर येतील, पण आपल्या भाषेत आपल्याशी बोलणारा माणूस गावात उरणार नाही. त्यातला थोडा वाटा गावातल्या आवाजासाठी राखावा, आणि त्या आवाजानेही तो कष्टाने मिळवावा, एवढेच आमचे आपणांस सांगणे आहे.