चुलीपाशी भेटणारा देव

पहाटे पाचची वेळ मी अनेक वर्षे प्रार्थनेसाठी राखून ठेवली होती. कॉलेज, पेपर तपासणे, मुलांचे डबे या धावपळीत तेवढाच काय तो निवांतपणा. पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचायचा, डोळे मिटायचे आणि प्रभूशी बोलायचे. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि नेमकी तीच वेळ हातची गेली.

आमचे घर दोन भाषांचे. माझे माहेर मराठी, सासर कन्नड. सासूबाईंना मी अत्ती म्हणते. मी पुस्तक उघडले की आतल्या खोलीतून हाक येई, "यव्वा, इल्लि बा!" कधी पाणी हवे, कधी कूस बदलायची, कधी चादर ओली झालेली. मी उठून सारे करीत असे, पण मनात चडफड. देवाजवळ जाण्याची माझी वाट ही हाक रोज अडवते, असेच मला वाटे.

एके दिवशी तोल गेला. "पाच मिनिटे तरी प्रार्थना करू द्या!" मी ओरडले. आत क्षणभर शांतता. मग अडखळत शब्द आले, "निन्न प्रार्थने मुगसव्वा, ना काय्तीनि." तुझी प्रार्थना पुरी कर गं बाई, मी थांबते. मी आत गेले तेव्हा चादर भिजलेली होती आणि अत्ती भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्या दिवशी प्रार्थना झाली नाही. कोणत्या तोंडाने करणार?

आमच्या पाळकांना हे सांगितले. त्यांनी उपदेश केला नाही. ब्रदर लॉरेन्स यांच्याविषयीचे एक छोटेसे पुस्तक हाती ठेवले.

हा सतराव्या शतकातला फ्रेंच माणूस. मूळ नाव निकोलस हर्मन. तरुणपणी सैन्यात होता, लढाईत पायाला जखम झाली आणि तो कायमचा लंगडा झाला. 1640 मध्ये तो पॅरिसच्या कार्मेलाईट मठात दाखल झाला. तो काही विद्वान नव्हता. त्यामुळे त्याच्या वाट्याला आले ते मठाचे स्वयंपाकघर. गंमत म्हणजे हे काम त्याला मुळीच आवडत नसे! तरीही पंधरा वर्षे त्याने ते केले. एकदा मठासाठी द्राक्षारस आणायला त्याला दूर बर्गंडी प्रांतात धाडले. पाय अधू, बोटीवर पिंपांवरून सरपटतच पुढे जावे लागे. तेही काम त्याने कुरकुर न करता निभावले. तव्यावरची अंड्याची पोळी उलटायची तीही देवाच्या प्रेमाखातर, असे तो मानी. भांड्यांचा खडखडाट आणि चार माणसांच्या चार मागण्या चालू असतानाही देव त्याला तितकाच जवळ वाटे, जितका वेदीपुढे गुडघे टेकल्यावर.

पण हे त्याला सहजासहजी साधले नव्हते. पहिली सुमारे दहा वर्षे त्याने मनाच्या मोठ्या तळमळीत काढली. मन भरकटले, चूक झाली, की तो देवाजवळ ती कबूल करी आणि रडत न बसता पुन्हा कामाला लागे. मठातील नेमाची प्रार्थनाही त्याने सोडली नाही. 1691 मध्ये तो वारला. त्यानंतर त्याची पत्रे आणि त्याच्याशी झालेली संभाषणे छापली गेली. ती आजही वाचली जातात.

वाचता वाचता मला अत्तीच आठवल्या. धडधाकट असताना त्या चुलीपुढे ज्वारीच्या भाकरी थापत असत आणि तोंडाने पुटपुटणे चालू असे, "देवरे, ईग एन माडली?" देवा, आता काय करू? पीठ कमी पडले की हाच प्रश्न, मुलाला ताप आला की हाच. मी नवी सून होते, एम.ए. झालेली. मला ती बाईमाणसाची बडबड वाटे. प्रार्थना म्हणजे माझी, पहाटेची, शुद्ध मराठीतली! जे मी पुस्तकात शोधत होते ते माझ्या घरात चुलीपुढे बसलेले होते.

आता मी पहाटे पाचला प्रथम अत्तींच्या खोलीत जाते. अंग पुसते, कपडे बदलते आणि मनातल्या मनात प्रभूशी बोलते. मोठे शब्द नसतात. "हा हात नीट उचलू दे," एवढेच. मग दोघी मिळून एक स्तोत्र वाचतो, एक दिवस कन्नड, एक दिवस मराठी. वर्गात शिरण्यापूर्वी दारापाशी अर्धा क्षण थांबते, तेवढ्यात एक हाक प्रभूला.

रोज जमते असे नाही. परवाच दूध उतू गेले आणि मी पुन्हा चिडले. अत्ती पलंगावरून हसल्या, "देवर मुंद हेळु!" देवापुढे सांग की! मीही हसले आणि ओटा पुसता पुसता सांगून टाकले.

वाचकहो, देवाची वाट पाहत मी दार लावून बसत होते. तो मात्र पलीकडच्या खोलीतून हाक मारीत होता, आणि तीही कन्नडमध्ये.