टोपी धुवायची, पण आकार सांभाळून

चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा दुपट्ट्यावर निघतो. तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बाईपासून शहरातल्या स्कूटीवरच्या पोरीपर्यंत सगळ्यांच्या डोक्याला तोच. बादलीत बुडवला, पिळला, दोरीवर टाकला की झालं. ताडोबाच्या सफारीसाठी हौसेने घेतलेल्या गवती टोपीला मात्र हा न्याय लावला, तर ती दुसऱ्या दिवशी डोक्यावर बसत नाही.

गवती टोपीला आकार येतो तो वाफेने. ओलसर वीण साच्यावर दाबतात, वाळवतात, वरून खळीसारखा थर देतात. टोपी भिजली की काडी फुगते, थर सैल पडतो आणि काठ लोंबू लागतो. त्यात स्वस्तातल्या बऱ्याच ‘गवती’ टोप्या मुळात पिळलेल्या कागदाच्या असतात. आतल्या बाजूला ओलं बोट दाबून पाहा. तंतू मऊ पडून पिंजू लागला, तर त्या टोपीला पाणी वर्ज्य.

मळ दोन बाजूंनी येतो. बाहेरून धूळ, घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूरकडे तर तिच्यात कोळशाची भुकटीही. ती ओली केली की विणीत उतरते आणि मग हटत नाही. म्हणून आधी मऊ, कोरडा ब्रश, विणीच्या दिशेने. आतून येतं ते घाम आणि डोक्याचं तेल. तेलकट डागावर टाल्कम पावडर किंवा मुलतानी माती भुरभुरून रात्रभर राहू द्यावी, सकाळी झटकावी. घामाचे पांढरे वळ म्हणजे मीठ. त्यासाठी साबण लागत नाही, साधं पाणी पुरतं. फडकं ओलं करून घट्ट पिळायचं आणि टिपत जायचं, घासायचं नाही. तेही नुसत्या डागावर नको, नाहीतर वाळताना त्याच्या कडेला नवं वर्तुळ उमटतं. आतली पट्टी सगळीच्या सगळी टिपावी. ब्लीचने गवत पिवळं पडतं, त्याच्या वाटेला जाऊच नये.

सुती टोपी हाताने धुता येते, पण काठात पुठ्ठा नाही ना, हे आधी चाचपून बघावं. कोमट पाणी, थोडा शाम्पू. पिळायची नाही, टॉवेलमध्ये दाबायची.

खरी कसोटी वाळवण्याची, कारण आकार ठरतो तेव्हाच. डोक्याच्या मापाचं पातेलं पालथं घालून त्यावर जुना टॉवेल पसरावा आणि टोपी त्यावर बसवावी. पारा ४५ च्या पुढे असताना उन्हाची घाई कशाला? सावलीतही ती भराभर वाळते. उन्हात वरची बाजू आधी सुकते आणि काठ वर वळतो. उलट, मे महिन्याच्या कोरड्या हवेत गवत इतकं ठिसूळ होतं की माथ्याला चिमटीत धरून उचलली की तिथेच तडा जातो. टोपी नेहमी काठाला धरावी. कडक झालेली टोपी कूलर चालू असलेल्या खोलीत रात्रभर टांगली, तर हवेतल्या ओलाव्याने काडी जरा नरमते. मुडपलेला काठ उकळत्या पाण्याच्या वाफेवर काही क्षण धरावा, हाताने सरळ करावा आणि गार होईपर्यंत तसाच दाबून ठेवावा.

गांधी टोपीचं गणित नेमकं उलटं. तिथे पाणीच आकार देतं. खुशाल धुवा, मग तांदळाच्या पातळ पेजेत बुडवा. पेज गाळलेली हवी, नाहीतर इस्त्रीखाली कणांचे डाग पडतात. आमच्या भाताच्या झाडीपट्टीत पेजेला काय तोटा! पूर्ण वाळण्याआधी, जरा दमट असतानाच मूळच्या घड्यांवर इस्त्री फिरवावी. कोरडी कडकडीत झाल्यावर कितीही दाबली तरी कड बसत नाही.

१ जुलैला ताडोबाचा गाभा पर्यटकांना बंद होतो आणि गवती टोपी कपाटात जाते. ती काठावर उभी ठेवू नये. माथा खाली, काठ वर अशी उलटी ठेवावी आणि माथ्यात जुनं सुती कापड भरावं. वर्तमानपत्र नको, शाई लागते. प्लॅस्टिकची पिशवी तर अजिबात नको: आत अडकलेल्या दमटपणात आठ दिवसांत बुरशी धरते. सुती पिशवी बरी, आणि मध्ये कधी ऊन पडलं की टोपी बाहेर काढून वारं द्यावं.